परतीच्या वाटेचा इम्पीडन्स

सिडको एन-सात, छत्रपती संभाजीनगर
९ मार्च २०२५

लक्ष्मण,

पाकीट बघून तू आधी ते उलटंपालटं करशील आणि मग म्हणशील, हिला व्हॉट्सॲप चालवता येत नाही का. येतं. पण तिथं दोन निळ्या खुणा उमटतात आणि खाली काहीच येत नाही, ते बघत बसायचा मला कंटाळा आला. टपालाचं बरं असतं. उत्तर आलं नाही तर पोस्टाला नावं ठेवता येतात. नामिबियाला पाकीट पोचायला तीनेक आठवडे लागतील असं काउंटरवरची बाई म्हणाली आणि वर विचारलं, हे कुठं आलं? मी म्हटलं, आफ्रिकेच्या खाली, डाव्या हाताला.

आधी कामाचं. तुझी बिनपगारी रजा ३० जूनला संपते. दोनदा वाढवून झाली, आता तिसऱ्यांदा वाढत नाही. त्याआधी रुजू झाला नाहीस तर नाव कमी होईल. आस्थापनेतली माणसं रोज मला विचारतात, सर येणार आहेत ना? जसा काही तू नळाचं पाणी आहेस आणि तुझं वेळापत्रक माझ्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. मी सांगते, विचारून सांगते. म्हणून विचारते आहे. तू येणार आहेस का, एवढंच लिही. कारणं नकोत.

आता दुसरं, जे तुला जास्त आवडेल. गेल्या आठवड्यात पैठणची विजेची लाइन बंद पडली. एक इन्सुलेटर फुटला होता, त्यातून करंट टॉवरवाटे जमिनीत. सबस्टेशनातल्या रिले मशीननं बिघाडाचं जेवढं अंतर दाखवलं तिथं लाइनमन कडुबा आपली गँग घेऊन गेला. ऊन असं की टॉवरला हात लावला तर चटका बसेल. एकेक टॉवर दुर्बिणीनं बघितला, काही नाही. शेवटी तीन किलोमीटर पुढं जाऊन सापडला. त्यानं तिथूनच फोन लावला. म्हणाला, "मॅडम, तुमचं मशीन पेतं का वो? इथं म्हणतंय आन् तिकडं निघतंय."

लक्ष दे, पुढं सापडला. तुझ्या म्हणण्याप्रमाणं तो मागं सापडायला हवा होता. खाली दगड आहे, परतीच्या वाटेचा इम्पीडन्स, म्हणजे अडथळा, मॅडमनी कमी धरलाय, मशीन लांबचं दाखवेल आणि माणसं पुढं जाऊन परत येतील, हे तुझं भाकीत. मशीननं तर जवळचं दाखवलं. म्हणजे इम्पीडन्स मी धरला त्याच्यापेक्षाही कमी आहे. तुझा दगड खोटा पडला, लक्ष्मण. हे सांगायला मला तीन वर्षं थांबावं लागलं.

सांगून झालं आणि वाटलं तेवढं बरं वाटलं नाही. समोर तुझा चेहरा हवा होता.

प्रमोदिनी


२ एप्रिल २०२५

लक्ष्मण,

रविवारी पैठणला आत्याबाईंकडे जाऊन आले. तब्येत चांगली आहे, गुडघे सोडून. शेतातल्या टॉवरखाली त्यांनी आता शेवगा लावलाय. मी म्हटलं, आत्याबाई, लाइनखाली झाड वाढू द्यायचं नाही, नियम आहे. त्या म्हणाल्या, "तुझा नेम तारंला सांग. शेवग्याला काय कळतं त्यातलं?" म्हणजे शेंगा धरायला लागल्या की मलाच कोयता घेऊन जायचं आहे.

त्यांनी लेकाचं, तुझं, काही विचारलं नाही. पूर्वी उंबऱ्यात पाय ठेवला की पहिलं, लक्ष्मणाचा फोन आला का. आता विचारत नाहीत. मला वाटतं, मी 'नाही' म्हणते तेव्हा माझं तोंड बघवत नसेल त्यांना.

त्याच बांधावर आपण चार सळया ठोकल्या होत्या, आठवतं? लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तू हातोडा घेऊन, मी मीटर घेऊन. आत्याबाई भाकरी घेऊन आल्या आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "जमिनीला सुया टोचून काय रोग कळतो रे तिचा?" तू त्यांना समजावलंस, ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. तारेतून गेलेला करंट घरी परत आला पाहिजे. तार तुटली, फुटली, जमिनीला लागली, तरी तो परत येतोच, मातीतून येतो. कुठल्या मातीतून, किती खोलातून, ते आम्ही शोधतो. आत्याबाई म्हणाल्या, "येतो ना पण? मंग झालं." आणि तुला दुसरी भाकरी वाढली.

हे सगळं मी परवा सत्यमला सांगत होते. सत्यम म्हणजे आपला नवा कनिष्ठ अभियंता, हुशार आहे, बूट फार चकाकतात. त्यानं मला विचारलं, मॅडम, या लाइनसाठी जमिनीची रोधकता शंभर कुणी धरली? मी म्हटलं, मी. त्यानं विचारलं, मोजून? मी म्हटलं, पुस्तकातून. तो काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून मला तू आठवलास, कारण तू बोलला होतास.

त्या बैठकीत, सगळ्या साहेबांदेखत. "मॅडमनी आकडा पुस्तकातून उचललाय." अरे, उचललाच होता. सगळा महाराष्ट्र उचलतो. काही माहीत नसेल तर शंभर धरायचे, हे तूही त्याच कॉलेजात शिकलास. सळया ठोकून आपल्याला बारा मिळाले होते, काळी माती. तू म्हणालास, सळयांना वरचे चार हात दिसतात, करंट किलोमीटरभर खोल जातो, तिथं बसाल्ट आहे, हजार धरा. बारा आणि हजार यांच्यात मी शंभर धरले, तर त्यात तुझं काय गेलं? मी अजूनही तेच म्हणेन. लाइन मोजायची तर दिवसभर बंद ठेवावी लागते, आणि ती बंद म्हणजे पैठणचे पंप बंद, शहराचं पाणी बंद. एप्रिल महिन्यात हे मागणाऱ्याला कुणी खुर्चीवर बसू दिलं असतं का?

पण ते बैठकीतलं मी विसरले असते. घरी आल्यावरही तू मला मॅडमच म्हणत राहिलास, ते नाही विसरता आलं. चहा ठेवू का मॅडम. दिवा मालवू का मॅडम. मला बढती तुझ्याआधी मिळाली, यात माझा गुन्हा काय होता? तुला वाटायचं तू गंमत करतोस. मग नामिबियाची जाहिरात आली, तू विचारलंस जाऊ का, आणि मी म्हटलं जा.

जा म्हटल्यावर माणूस जातो का? भाजी आणायला पाठवलं तर तीनदा परत येऊन विचारायचास, मेथी की पालक.

प्रमोदिनी


२७ एप्रिल २०२५

लक्ष्मण,

तुझं पत्र आलं. तिकिटावर हरीण आहे, लांब शिंगांचं. करुणानं, आपल्या समोरच्या दारातल्या, ते मुलीच्या वहीत चिकटवायला मागितलं. मी दिलं नाही, म्हणून तिनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

एवढ्या लांबून एवढंसं पत्र पाठवायला मन कसं होतं रे तुझं? तू लिहितोस, "वाद घालू नकोस, मोज. शटडाउन माग. पैठणच्या टोकाला विश्वासातला माणूस उभा कर." मग तिथल्या लाइनींबद्दल लिहितोस, ते मी पुन्हापुन्हा वाचलं. एकच तार खांबांवरून जाते, मैलोन् मैल, एखाद्या एकट्या वस्तीपर्यंत. दुसरी तारच नाही. परत यायचं ते सगळं वाळूतून. आणि तू म्हणतोस, आता हातानं मोजून खात्री पटली की वाळू असो, दगड असो, काळी माती असो, परतीच्या वाटेचा रोध तेवढाच निघतो, किलोमीटरला ओहमचा विसावा भाग. जमीन जितकी वाईट तितका करंट खोल जातो, रुंद पसरतो आणि भरपाई करून घेतो. बदलतो तो फक्त इम्पीडन्सचा दुसरा भाग, रिॲक्टन्स, आपल्या भांडणातला.

हे मला माहीत आहे. सूत्रात दिसतंच ते, रोधाच्या पदात मातीचं अक्षरच नाही. पण तू ते आश्चर्यानं लिहिलंस, आणि कितीतरी दिवसांनी तू मला आश्चर्यानं काहीतरी सांगितलंस. त्यावर मी दोन दिवस काढले.

३० जूनबद्दल मात्र एक अक्षर नाही. मी पाकीट फाडून आतून बघितलं, कुठं कोपऱ्यात लिहिलंय का.

बरं. शटडाउन मिळालं. साहेब आधी नेहमीचं म्हणाले, पाण्याचं काय. मी म्हटलं, आदल्या दिवशी शहरातल्या टाक्या भरून घेऊ, पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी लाइन तशीही बंद ठेवणार आहात, त्यातच माझी मोजणी उरकते. रिले असाच खोटं बोलत राहिला आणि एखाद्या दिवशी खरोखर मोठा बिघाड झाला, तर शहर दिवसभर नाही, आठवडाभर बिनपाण्याचं राहील. साहेबांनी थोडा वेळ पंख्याकडे बघितलं आणि सही केली. २४ मे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

मोजायचं कसं, ते तुला सांगायची गरज नाही, पण सत्यमला शिकवताना मला आपलंच सगळं दिसत होतं. लाइन दोन्हीकडून सोडवायची. पैठणच्या टोकाला तिन्ही तारा एकत्र जमिनीला जोडायच्या, म्हणजे अर्थ लावायचा. शहराच्या टोकाकडून करंट सोडायचा आणि तो तारेतून जाऊन मातीतून परत येताना किती जोर लागतो ते बघायचं. आणि फोनवरची आपली शिस्त. पैठणचा माणूस म्हणणार, अर्थ लावला. शहरातल्या माणसानं तेच शब्द परत म्हणायचे, अर्थ लावला, आणि ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय इकडं कुणी हात लावायचा नाही. किती लाइनी केल्या आपण अशा. मी या टोकाला, तू त्या टोकाला, आणि मधल्या सगळ्या मुलखात आपलं एकच वाक्य दोनदा. सत्यम म्हणाला, मॅडम, मेसेज टाकला तर चालणार नाही का? मी म्हटलं, नाही, आवाज ऐकू आला पाहिजे.

विश्वासातला माणूस उभा कर म्हणतोस. विश्वासातला माणूस नामिबियात आहे. रजा संपायला महिना उरलेला असेल, तिकीट तसंही काढायचंच आहे. २४ मेला ये. पैठणच्या टोकाला उभा राहा. बाकीचं काही बोलायचं नसेल तर नको बोलूस. अर्थ लावला, एवढं म्हण.

प्रमोदिनी

ता. क. — हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय, आणि पोस्टाच्या भरवशावर राहायला नको म्हणून फोटो काढून मेसेजवरही टाकतेय. निळ्या खुणा उमटल्या तर उमटू देत.


२५ मे २०२५

लक्ष्मण,

आला नाहीस. निळ्या खुणा उमटल्या होत्या, म्हणून मी शेवटपर्यंत धरून चालले होते. सकाळी सबस्टेशनच्या फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा पाणी पिता पिता थांबले. कँटीनचे डबे होते.

मग मी ठरवलं, पैठणच्या टोकाला मीच जाईन. शहराचं टोक सत्यमला दिलं. तू जिथं उभा राहायचास तिथं मी कधी उभी राहिले नव्हते. तिथून सगळं वेगळंच दिसतं. या टोकाला यंत्र असतं, आकडे असतात, माणसं विचारत असतात. त्या टोकाला काही नसतं. तारा जमिनीला जोडायच्या, फोनवर सांगायचं आणि मग नुसतं थांबायचं, पलीकडचे आकडे घेईपर्यंत. शेजारच्या चालू लाइनीमुळं आपल्या बंद तारांतही वीज चढते, अर्थची काठी लावताना चर्र आवाज झाला आणि मी दचकले. तू मला कधी सांगितलं नाहीस की तिथं इतकं दचकायला होतं. मी म्हटलं, अर्थ लावला. पलीकडून सत्यम म्हणाला, अर्थ लावला. पोरानं बरोबर म्हटलं, अगदी सावकाश. मला मात्र रडू आलं. कडुबा तिथं होता, त्यानं पाठ फिरवून विडी पेटवली.

आता आकडे. नीट बसून वाच.

माझ्या शंभरनं यायला हवा होता त्यापेक्षा इम्पीडन्स कमी आला. तुझ्या हजारनं तर खूपच कमी. माझ्या काळ्या मातीच्या बारानं काढला तरी सगळा हिशेब बसेना. सत्यमनं फोनवर तीनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, परत मोज. परत तेच. म्हणजे करंट मातीतून येतच नव्हता, निदान सगळा येत नव्हता. त्याला कुठंतरी सोपी वाट सापडली होती.

परत येताना जीपमध्ये डोकं धरून बसले होते. पैठण रस्त्यावर डाव्या हाताला आपली लाइन, आणि लाइनीच्या खाली, रस्त्याच्या कडेनं, शहराच्या पाण्याचा नवा पाइप. तू गेल्यावर पुरला तो. एके ठिकाणी अजून उघडा आहे, आत माणूस सरळ उभा राहील एवढा, पोलादी, एकाला एक वेल्ड केलेला, कित्येक किलोमीटर. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबव. उतरले आणि त्या पाइपाशेजारी मातीच्या ढिगावर बसून हसत सुटले. ड्रायव्हर बिचारा पाण्याची बाटली घेऊन आला, त्याला वाटलं ऊन लागलं.

कळलं ना तुला? तू दगड म्हणत होतास, मी माती म्हणत होते, बैठका घेतल्या, घर मोडायला काढलं, आणि करंट आरामात पाण्याच्या पाइपातून घरी येत होता. आपल्या दोघांच्या हिशेबात जमीन होती, जमिनीत काय पुरलंय ते नव्हतं. शहरातली माणसं रोज ज्या पाइपाच्या नावानं वाट बघतात, त्याचा पहिला उपयोग आमच्या लाइनीला झाला. पाणी येईल तेव्हा येईल, करंट तर आला.

आज दिवसभर पाइप धरून पुन्हा सगळं मांडलं. जुळलं. आणि ते जुळवताना मातीचा जो आकडा लागला तो माझाही नाही, तुझाही नाही, मधलाच कुठला तरी. मला कुणालातरी सांगायचं होतं. सत्यमला सांगितलं, तो म्हणाला, वा मॅडम. करुणाला सांगितलं, ती म्हणाली, म्हणजे पाइपाला हात लावला तर शॉक बसेल का? दोघंही चांगली माणसं आहेत. पण हे ऐकून ज्याचा चेहरा आधी पडेल आणि मग उजळेल, तो एकच माणूस आहे, आणि तो हे ऐकायला इथं नाही.

म्हणून आता वळसे घेत नाही. मला तुझी आठवण येते. सकाळी येते, कामात येते, भाजी निवडताना येते. रिले आता सुधारेल, लाइन सुधारेल, कडुबाला उन्हात फिरावं लागणार नाही. माझंच तेवढं राहिलं आहे. ३० जूनच्या आत ये. मॅडम म्हणालास तरी चालेल.

प्रमोदिनी


१४ जून २०२५

श्री. लक्ष्मण,
नागपूर

पत्ता बरोबर आहे ना? ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण दुसरा मला माहीत नाही. २५ मेचं माझं पत्र नामिबियातल्या तुझ्या टपालपेटीत पडून असेल. त्यात पाइपाची हकिकत आहे. तुझ्या टेबलावर ती तशीही येणार आहे, नव्या सेटिंग्जच्या मंजुरीसाठी, योग्य मार्गानं, माझ्या सहीनिशी. तिथं वाचशील.

परवा आदेशाची प्रत आली. माहितीस्तव. तू २ जूनला नागपूरला, आमच्या सेटिंग्ज मंजूर करणाऱ्या कार्यालयात, रुजू झालास. खाली लिहिलंय, विनंतीवरून. आस्थापनेच्या माणसानं प्रत माझ्यासमोर ठेवली आणि फाइल शोधायच्या निमित्तानं बाहेर गेला. मी मार्चपासून विचारत होते, येणार आहेस का. तू आलास, फक्त माझ्याकडे नाही आलास. आफ्रिका लांब होती म्हणून मला सोसली, लक्ष्मण. नागपूर एका रात्रीच्या बसवर आहे.

काल आत्याबाईंकडे गेले. चपलाही काढल्या नाहीत, विचारलं, लक्ष्मण आला होता का? त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "व्हय, आला व्हता. म्हणला, तिला सांगू नको." मी म्हटलं, आणि तुम्ही नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, "मी त्याची माय हाय, बाई. पर तू आता इचारलं, आता लपवणार नाय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

तू २४ मेला आला होतास. माझं पत्र वाचून आला होतास. मुंबईचं विमान चुकलं, मग रात्रीची गाडी, तीही उशिरा, आणि तू शहरात पोचलास तेव्हा दुपार झाली होती. तुला वाटलं, मोजणी उरकली असणार, ही शहराच्या टोकालाच असते, आता घरी येईल. म्हणून तू सरळ घरी आलास. कुलूप होतं. करुणानं सांगितलं, मॅडम स्वतः पैठणला गेल्यात, तिकडचं टोक बघायला.

त्यानंतरचं मी काल संध्याकाळी करुणाच्या तोंडून ऐकलं. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, मी कशाला विषय काढू. म्हणाली, साहेब पायरीवर बसले. थोड्या वेळानं नळाला पाणी आलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडची तुमची चावी मागितली, आत गेले, मोटर लावली, टाकी भरली, ड्रम भरले, पिण्याचं पाणी गाळून हंड्यात ठेवलं. मोटर बंद केली. कुलूप लावलं आणि चावी मला परत दिली. मी म्हटलं, थांबा ना, येतीलच त्या. तर म्हणाले, तिचं नीट चाललंय.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा सगळं भरलेलं होतं. मला वाटलं करुणानं भरलं. मी तिला दुसऱ्या दिवशी शिरा दिला. तोही तिनं गुपचूप खाल्ला.

तिचं नीट चाललंय. आत्याबाईंनाही तू तेच म्हणालास. "माझ्या जागी ती सोता हुबी ऱ्हायली, आता माझं तिथं काय काम?" अरे, तू आला नाहीस म्हणून मी उभी राहिले. जागा तुझीच होती. ती कुणीतरी धरून ठेवायची होती, म्हणून मी धरली. फोन का नाही केलास? पैठण तासाभरावर होतं. तू नंतर तिकडंच गेलास, आईकडे, संध्याकाळच्या एस.टी.नं. मी त्या वेळी रस्त्याच्या कडेला मातीच्या ढिगावर बसून हसत होते. तुझी गाडी माझ्यासमोरूनच गेली असणार. खिडकीतून बघितलंही असशील, कोण ही बाई.

मला राग येतो आहे आणि तो मी लपवत नाही. पाणी भरून निघून जायला तू काय पाणक्या आहेस? तुझी विनंती काय होती, तेही मला कळतं. माझ्या हाताखाली नको. ठीक आहे, नागपूरला राहा, माझ्या वरच्या खुर्चीत बस, माझ्या आकड्यांवर लाल शेरे मार. मी एकेकाला उत्तर देईन. नोकरी कुठं करायची ते तू ठरव. पण माझं नीट चाललंय, हे मला न विचारता तू कसं ठरवलंस? माझं नीट चाललेलं नाही. मला तू घरात हवा आहेस. महिन्यातून दोन रविवार आलास तरी हवा आहेस, वाद घालत हवा आहेस.

करुणाकडची चावी मी काल मागून घेतली. या पाकिटात हाताला लागते आहे ती तीच. तिला आता शेजारीपाजारी कुठं जागा नाही, ती तुझ्याजवळच राहील. पुढच्या वेळी मी घरी नसले तर आत जा, पंखा लाव आणि बसून राहा. मी येते.

प्रमोदिनी